आयुक्तांचा प्रस्ताव, प्रशासकांची मंजुरी

पालिकेच्या महासभेचं इतिवृत्त मी इतकी वर्षं लिहिलं की भांडणं ऐकून कान किटले होते. नगरसेवक मराठीत सुरुवात करायचे, हिंदीत चिडायचे आणि गुजरातीत एकमेकांची समजूत काढायचे. ते सगळं मी शुद्ध मराठीत उतरवायचं. डोक्याला नुसता ताप. प्रशासनाने मांडायचं, नगरसेवकांनी ताणून धरायचं, फारच बिनसलं तर न्यायालयात जायचं. राज्यघटनेतली अधिकारांची वाटणी मला शाळेत नाही, त्या गोंगाटात कळली.

मग सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक न्यायालयात अडकली. राज्य सरकारने आयुक्तांनाच प्रशासक नेमलं. आता साहेब आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडत आणि प्रशासक म्हणून तोच मंजूर करत. सभागृहातल्या खुर्च्यांवर कव्हरं चढली. मला वाटलं, सुटले एकदाची! पण थोड्याच दिवसांत ती शांतता खायला उठली. जेसल पार्कच्या माझ्या घरीही तीच होती. नवरा गेल्यापासून भाजी कुठली ते मीच ठरवायचं, मीच करायची, आणि मीठ कमी पडलं तरी बोलणारं कोणी नाही.

म्हणून ऑफिस सुटलं की मी गोडदेवच्या पालिका वाचनालयात जाऊन बसायची. तिथे आम्ही चार-पाच बायका जमायचो. वाचन कमी, गप्पाच जास्त. एखादी दिसली नाही तर बाकीच्या फोन करायच्या. माझाही फोन त्यामुळे कधीतरी वाजायचा.

एका दुपारी तेच वाचनालय बंद करण्याचा प्रस्ताव आला. इमारत धोकादायक झाली होती, ते खोटं नव्हतं. पण पूर्वी कोणीतरी टेबल बडवून म्हणालं असतं, आधी दुसरी जागा द्या, मग टाळं लावा.

मी फाइल साहेबांच्या केबिनमध्ये नेली. त्यांनी आयुक्त म्हणून सही केली. माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, तिथल्या बायका कुठे जातील?"

त्यांचं पेन थांबलं. "तुम्ही जाता तिथे?"

"रोज. घरी कोणी नाहीये माझ्या."

माणूस वाईट नव्हता. "दुसरी जागा बघायला सांगतो," ते म्हणाले. "पण मॅडम, तुम्ही सभागृहाच्या सदस्य नाही. हे इतिवृत्तात नाही घेता येणार."

मग त्यांनी प्रशासक म्हणून सही केली. मी जागेवर येऊन टाइप केलं, 'या विषयावर कोणीही हरकत घेतली नाही.'