गोदामाच्या जागेतला वास

अक्कलकोटच्या अलीकडे एका गावात नीलम्मा अंगणवाडीची मदतनीस होती. खिचडी शिजवायची, पोरांचे हात धुवायचे, शेवटी कुलूप लावायचं. याला एकोणीस वर्षं झाली होती. त्या जागेवर पूर्वी कीटकनाशकाच्या भुकटीचं गोदाम होतं. ते पाडून वर अंगणवाडी बांधलेली.

एप्रिल लागून पारा त्रेचाळिसावर गेला की अंगणातून कडवट वास सुटायचा, पोरं डोळे चोळायची. थंडीत त्याचा मागमूस नसायचा. नीलम्मानं ग्रामपंचायतीत तीनदा सांगितल्यावर एक साहेब आले, तेही जानेवारीत, सकाळी नऊला. अंगणात उभं राहून त्यांनी दोनदा हवा हुंगली आणि ‘वास आढळला नाही’ असं लिहिलं.

“एप्रिलात भर उनात या की,” नीलम्मा म्हणाली.

कुणी आलं नाही. एप्रिलात वास सुटला तसं नीलम्मानं कुणाला न विचारता पोरं देवळाच्या पारावर नेऊन बसवली. त्याबद्दल तिला नोटीस मिळाली. तिनं ती घडी घालून डब्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवशीही पोरं पारावरच नेली.

ही गोष्ट सोलापुरात रसायनशास्त्र शिकणाऱ्या अंकिताच्या कानावर गेली. हवा ओढून घेणारं एक यंत्र तिनं पुढच्या जानेवारीत अंगणात लावलं आणि एप्रिलात पुन्हा. रोजचं तापमान नीलम्मानं वहीत लिहिलं. एप्रिलच्या हवेत ते कीटकनाशक जानेवारीच्या अकरा पट निघालं.

“अक्का, ही भुकटी लवकर नष्ट होत नाही,” अंकितानं सांगितलं. “मातीच्या कणांना धरून राहते. माती तापली की वाफ होऊन हवेत येते. गार पडलं की त्यातली थोडी परत मातीत बसते.”

“मजी सायेब आले तवा ती मातीत हुती.”

“हो, बरीचशी.”

नीलम्मानं वही मिटली. “आन वीस वर्सांत माज्या आंगात किती बसली आसंल?”

“ते या यंत्रानं कळत नाही,” अंकिता म्हणाली.

अंकितानं लिहिलेला अहवाल वर गेला. पावसाळ्याआधी अंगणवाडी शाळेच्या रिकाम्या खोलीत हलली आणि जुन्या अंगणाला तारेचं कुंपण पडलं. माती अजून उचललेली नाही. नव्या खोलीत नळ नाही, म्हणून नीलम्मा रोज हापशावरून दोन घागरी आणते आणि मग चूल पेटवते.