मेपल कोर्टमधली नकोशी बाई

दीपा शेजवलकर मेपल कोर्टच्या दारातून आत आल्या की रिसेप्शनवरची मुलगी फोन उचलायची. "ती आलीय," एवढंच बोलून ठेवून द्यायची. दोन मिनिटांत वरच्या मजल्यावरच्या नर्सेस खुर्च्यांवरून उठलेल्या असायच्या. दीपाताईंना हे ठाऊक होतं. म्हणून त्या कधी सोमवारी सकाळी जायच्या, तर कधी शनिवारी ऐन जेवणाच्या वेळी.

मेपल कोर्ट हे अमेरिकेतल्या आयसेलिन गावाजवळचं म्हाताऱ्या, आजारी माणसांचं नर्सिंग होम. दीपाताईंची तिथे नोकरी नव्हती, नात्यातलंही कुणी तिथे नव्हतं. राज्याच्या स्वतंत्र लोकपाल कार्यालयाच्या त्या स्वयंसेवक होत्या. खोल्याखोल्यांतून फिरायचं, तिथे राहणाऱ्यांचं ऐकायचं आणि त्यांनी सांगितलं तर त्यांच्या वतीने व्यवस्थापनाशी भांडायचं, हे त्यांचं काम. एका हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत सव्वीस वर्षं काढून रिटायर झाल्यावर, लायब्ररीतल्या फळ्यावरचा कागद वाचून त्यांनी याचं ट्रेनिंग घेतलं. महाराष्ट्र मंडळात कुणीतरी म्हणालं, "आता ऑफिशियली भांडणार म्हणजे!" दीपाताई हसल्या नाहीत. मंडळात त्यांचं फारसं कुणाशी पटत नसे. गोड बोलायचा त्यांना कंटाळा होता.

दोनशे चौदा नंबरच्या खोलीत मनोहर घाटपांडे होते. मूळचे नागपूरचे, वय एक्क्याऐंशी. पॅरालिसिसने डावी बाजू गेलेली, पण डोकं शाबूत. जानेवारीत दीपाताई त्यांच्याकडे गेल्या, तर नर्सला बोलवायच्या बेलची दोरी पलंगामागे दिव्याच्या दांडीला गुंडाळून ठेवलेली. मनोहररावांचा हात तिथवर पोचणं शक्यच नव्हतं.

"हे कुणी केलं?"

"जाऊ द्या हो."

"मी विचारतेय, कुणी केलं?"

"मी फार वाजवतो म्हणे. त्यांना त्रास होतो."

दीपाताईंनी दोरी सोडून त्यांच्या उजव्या हाताशी ठेवली आणि वही काढली. मनोहरराव घाबरून म्हणाले, "लिहू नका. तुम्ही अर्ध्या तासाने घरी जाल. मला इथेच राहायचंय."

नियम असा की राहणाऱ्याने हो म्हटल्याशिवाय त्याची तक्रार पुढे न्यायची नाही. दीपाताईंनी वही मिटली. घरी येऊन त्यांनी रागारागाने दोन तास किचन घासलं.

पुढच्या खेपेला दोरी पुन्हा वर. त्याच्या पुढच्या खेपेलाही. मनोहररावांचा नकार कायम. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र त्या खोलीत शिरल्या तेव्हा शेजारच्या पलंगावरचे मिस्टर रूसो पाणी मागत होते. आवाज इतका बारीक की दारापर्यंतही येत नव्हता. ओठ फुटलेले. दीपाताईंनी धावत जाऊन नर्सला आणलं. नर्सने कपाळाला आठ्या घालून पाणी पाजलं आणि ती निघून गेली.

मनोहरराव भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्याच्या दोन्ही हातांत ताकद नाही. त्याच्यासाठी माझी बेल मी वाजवायचो."

"म्हणून तुमची वर बांधली?"

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "लिहा. माझं नाव घालून लिहा. स्पेलिंग नीट लिहा, हे लोक नेहमी चुकवतात."

दीपाताई त्याच दिवशी व्यवस्थापक ग्रेग हॅलोरनच्या ऑफिसात गेल्या. त्याने बसा म्हटलं नाही. त्या स्वतःच बसल्या.

"तुम्ही इन्स्पेक्टर नाही," हॅलोरन म्हणाला. "फुकट काम करणाऱ्या एक बाई आहात. माझ्या स्टाफला कामं असतात."

"बेल बांधून ठेवणं हे त्यातलंच काम का?"

"पेशंट गोंधळतात. काहीही सांगतात."

"दोरी गोंधळलेली नाही. चला वर, दाखवते."

तो आला नाही. दीपाताईंनी लोकपाल कार्यालयाकडे लेखी तक्रार पाठवली. चौथ्या दिवशी ॲरिझोनातून, चँडलरहून मनोहररावांच्या मुलाचा, सुमंतचा फोन आला.

"काकू, तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? सात महिने वेटिंग लिस्टवर होतो आम्ही. त्यांनी बाबांना डिस्चार्ज केलं तर मी कुठे ठेवू? तुम्ही सांभाळणार आहात?"

"असं काढता येत नाही, सुमंत. कायदा आहे."

"कायदा! तुम्ही कंप्लेंट करून मोकळ्या. मला ग्रेगचे ईमेल येतात."

"बाबांशी बोललास?"

"ते काय सांगणार? प्लीज, त्यांच्या रूममध्ये जाऊ नका."

"ते तू नाही सांगायचं. त्यांनी सांगितलं तर नाही जाणार." सुमंतने फोन कट केला.

हॅलोरननेही गप्प बसायचं नाही असं ठरवलं होतं. ही बाई पेशंटना औषधांविषयी सल्ले देते, अशी तक्रार त्याने लोकपाल कार्यालयाकडे केली. चौकशी होईपर्यंत, म्हणजे तीन आठवडे, दीपाताईंना आत जाता आलं नाही. त्या काळात आपली आंघोळ दोनदा 'विसरली' गेल्याचं मनोहररावांनी फोनवर सांगितलं. आपल्यामुळे त्यांचे हाल वाढले, हे दीपाताईंना फार लागलं. रोज सकाळी त्या मनात हॅलोरनला शिव्या घालत, आणि मग स्वतःलाही.

आरोप खोटा ठरला. मार्चअखेर त्या लेखी तक्रारीवरून राज्याचे खरे इन्स्पेक्टर न सांगता आले. एका मजल्यावरच अकरा दोऱ्या वर बांधलेल्या सापडल्या. मेपल कोर्टवर ठपका ठेवला गेला आणि दोऱ्या खाली आल्या. दीपाताईंशी मात्र आता कुणीच बोलेना. नर्सेस त्यांना बघून दुसऱ्या जिन्याने जात.

एप्रिलमध्ये मनोहररावांनी रहिवाशांच्या समितीची बैठक बोलावली. समिती कागदावर होतीच, पण वर्षभर कुणी बसलं नव्हतं. जेवणाच्या हॉलमध्ये चौदाजण जमले, बहुतेक व्हीलचेअरवर. हॅलोरनही येऊन बसला. मनोहरराव इंग्रजीत म्हणाले, "तुम्हाला निमंत्रण नाही. नियम वाचा." हॅलोरन लालबुंद होऊन उठला. कोपऱ्यात बसलेल्या दीपाताईंना मनातून फार बरं वाटलं.

तेवढ्यात लोरेन नावाच्या म्हाताऱ्या बाईने त्यांच्याकडे बोट दाखवलं. "आणि ही?"

"ती आपल्या बाजूची आहे," मनोहरराव म्हणाले.

"असेल. पण ती इथे राहत नाही. आधी आपलं आपण बोलू. लागली तर बोलवू."

हात वर झाले. नऊ विरुद्ध पाच. मनोहररावांनी दीपाताईंकडे न बघता स्वतःचा उजवा हात नऊजणांबरोबर वर केला होता.

दीपाताईंचा चेहरा उतरला. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, हे त्यांना कळत होतं, तरी टोचलं. त्यांनी पर्स उचलली आणि बाहेर आल्या. मागे कुणीतरी दार लावून घेतलं.

कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकवलेल्या दोन खुर्च्या होत्या. एकीवर हॅलोरन फोनमध्ये डोकं घालून बसला होता. दुसरीवर दीपाताई बसल्या. पाऊण तास दोघं तसेच शेजारीशेजारी बसून होते. आतून लोरेनचा चढलेला आवाज अधूनमधून ऐकू येत होता.