अख्ख्या गल्लीनं नेसलेली साडी

“यल्लू, ह्यो दत्तू लोहार लिवतोय, साडी लई मऊ हाय, मी रोज नेसतो. कवा नेसला रं ह्यो?”

सुमनआक्कानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. दत्तूच्या नावाशेजारी त्याचा फोटो. मिशा ह्या कानापासनं त्या कानापतोर. त्याच्या खाली भीमू गवंडी: ‘पदर भारी, अंगाला चापून बसला.’ त्याच्या खाली तालमीचा वस्ताद: ‘माहेरी सगळ्यांनी इचारलं, कुठनं घेतलीस?’

ते सगळं मीच लिवून दिलतो.

माझं काम सांगतो. लोकांच्या दुकानाच्या वेबसाईटी करतो आनी त्या सर्चमध्ये वर आणतो. म्हणजे आणतो असं सांगतो. शिक्षण सातवी, तेबी मास्तर कंटाळले म्हणून पुढं ढकलले. बाकीचं व्हिडिओ बघून शिकलो. व्हिडिओ इंग्रजी असला तर बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघून.

सुमनआक्का वडगावची. घरात पॉवरलूमचे चार माग. आजवर साड्या व्यापाऱ्याला जायच्या, तो ठरवंल त्या भावात. आक्काला आता थेट गिऱ्हाइकाला इकायच्या होत्या. तिचा नवरा नागाप्पाअण्णा मात्र वैतागलेला. तो म्हणालता, “दसऱ्यापतोर आपली ऑर्डर आली तर बरं. न्हायतर माग भंगारात आनी मी उद्यमबागच्या फाउंड्रीत.” भंगारवाला येऊन माग बघूनबी गेलता. असल्या वक्ताला आक्कानं शहाणं माणूस गाठायचं सोडून मला गाठलं.

आता ह्यातली गंमत बघा. शहरातल्या टिळकवाडीतली बाई मोबाईलवर लिवती, ‘जवळ साडी कुठं मिळंल’. सर्च तिला नकाशावर तीन दुकानं वर दाखवतं. तीच का? तर दुकान किती जवळ हाय, तिनं मागितलं तेच तिथं मिळतंय का, आनी गिऱ्हाइकं त्या दुकानाबद्दल काय लिवत्यात, असलं सगळं बघून. ह्या लिवण्याला रिव्ह्यू म्हणत्यात. आणखीबी लई असतंय, पण माझ्या डोस्क्यात तवा एवढंच बसलतं.

आक्काचं दुकान म्हणजे तिचं घरच, ते उचलून टिळकवाडीत ठेवता येत न्हाय. म्हणून मी रिव्ह्यू धरलो. गणपतीची वर्गणी मागत्यात तसा वही घिऊन दारोदार फिरलो. “दोन ओळी लिवा की अण्णा, आक्कासाठी.” आक्कासाठी आमची गल्ली रगत दील, दोन ओळींचं काय! कुणाला काय लिवायचं सुचंना, त्यांना वहीतनं मीच सांगितलो. कुणाचं नेट संपलतं, त्यांना आक्काच्या वायफायचा पासवर्डबी मीच दिलो. दोन दिवसांत चाळीस रिव्ह्यू, सगळे पाच स्टार. दुकान नवव्यावरनं दुसऱ्या नंबरावर! मी पेढे वाटलो.

तिसऱ्या दिवशी निम्मे रिव्ह्यू गायब. आक्काचे खरे तीन होते, तेबी त्यांच्यासंगं गेले. सर्च काय खुळं हाय? एका गल्लीतनं, एकाच वायफायवरनं एवढ्या मिशा साडीचं कौतुक करूलाल्यात, त्याला शंका येणारच की.

“दुकान दिसंना झालंय,” आक्का म्हणाली.

मी माझा मोबाईल काढलो. “हे बघ की, पैला नंबर!”

“मग माझ्या भनीला टिळकवाडीत का दिसत न्हाय?”

तिथंच भनीला फोन लावला. न्हाय म्हणजे न्हायच. तवा मला उमजलं. मी दिवसातनं धा वेळा तेच दुकान उघडायचो, म्हणून माझा मोबाईल मला आवडतंय ते वर ठेवायचा. माझी बायकोबी माझं एवढं मन राखत न्हाय.

अण्णा मागाजवळनं ओरडला, “यल्लू, तुला नक्की काय येतंय रं?”

“अण्णा, खरं सांगू?”

“नको. भंगारवाल्याचा नंबर दे.”

मग मी उलटा फिरलो. परत दारोदार, उरलेले रिव्ह्यू काढा म्हणून. वर्गणी परत करणारा पैला माणूस मीच असणार. दत्तू लोहार तर रुसला. “मी मनापासनं लिवलोय. काढणार न्हाय.”

“दत्तूआप्पा, तुम्ही साडी नेसत न्हाय.”

“तुला काय म्हाईत?”

अर्धा तास गेला. काढला शेवटी.

त्यानंतर वेबसाईट उघडून बसलो. साड्यांची माहिती मी एका मोठ्या कंपनीच्या साईटवरनं जशीच्या तशी उचललतो. ‘राजघराण्यातील स्त्रियांची पसंती’. आक्काच्या साड्या शाळेतल्या बाई आनी बँकेतल्या बाई नेसत्यात. तेच वाक्य वीस जागी असलं तर सर्च आपलं कशाला वर काढंल? आनी फोटो तर लग्नाच्या कॅमेऱ्यातले, एकेक फोटो म्हशीएवढा जड. बसमध्ये काकतीला साडी उघडली की पदर दिसायला पार तासाभरावरचं संकेश्वर यायचं. तवर बाई दुसऱ्या दुकानात गेलेली.

फोटो हलके केलो. माहितीसाठी दोन दिवस आक्काच्या दारात बसलो. गिऱ्हाईक फोनवर काय इचारतंय ते ऐकायचं, नी आक्का काय सांगती ते तसंच लिवायचं. “आक्का, रंग जातोय काय?” “बण्ण होगतदेन्री?” कानडीतबी तेच, रंग जातो का. साडी किती लांब, ब्लाउजपीस हाय का, घरात धुतली तर चालंल का. सवाल जसे आले तसे दोन्ही भाषेत टाकलो. राजघराण्याला घरी पाठवलो.

महिना गेला. दुकान हळूच वर सरकूलालतं. भादव्यात निपाणीच्या एका बाईंचा रिव्ह्यू आला. शाळेत शिकवतात. साडी नेसलेला फोटो, आनी लिवलतं: ‘साडी सुंदर, पण पहिल्या धुण्यात थोडा रंग गेला.’ चार स्टार.

मी म्हणालो, “आक्का, बाईंना फोन कर. ते रंगाचं काढून पाच स्टार द्या म्हणून सांग.”

“गप्प बस. रंग गेला न्हवं? मग खरंच हाय ते.”

आक्कानं त्याच्या खाली उत्तर लिवायला लावलं: ‘बाई, माफ करा. लाल रंग पहिल्या वेळी मिठाच्या पाण्यात भिजवायचा, मी सांगायला विसरले. पुढची साडी मी स्वतः धुऊन बघून पाठवते.’ मी कपाळाला हात लावलो. आपल्या तोंडानं आपला माल वाईट!

आठवड्यात फोन वाढले. बायका म्हणायच्या, “ते रंगाचं वाचलं. तुम्ही खरं बोलता, म्हणून फोन केला.” त्यातल्या काहींनी साड्या घेऊन फोटोसकट रिव्ह्यू टाकले, कुणी न सांगता. दसऱ्याला चार दिवस असताना निपाणीच्या त्याच बाईंचा फोन आला. गॅदरिंगला शाळेतल्या सगळ्या बाईंना एकसारख्या साड्या पायजेत. अठ्ठावीस.

“लाल नको हं आक्का,” त्या म्हणाल्या, नी दोघीबी हसल्या.

भंगारवाला टेम्पो घिऊन आला तवा मागांचा आवाज गल्लीच्या तोंडापतोर येत होता. चौथा माग खरंच मोडलेला, तेवढा अण्णानं दिला. उचलायला एक बाजू मी धरलो. अण्णा म्हणाला, “यल्लू, नीट धर. ह्यो तुझ्यामुळं चाललाय असं सांगू नकोस कुणाला. बाकीचे तीन राहिले, तेबी तुझ्यामुळं म्हणू नकोस.”

दुकान आज तिसऱ्या नंबरावर हाय, आनी हे मी दुसऱ्याच्या मोबाईलवर बघून सांगतोय. वर यायला तीन महिने लागले. खाली घालायला मला दोन दिवस पुरलते.

आता कुणी पैला नंबर पायजे म्हणून आलं की मी आधी इचारतो, तुमचं गिऱ्हाईक घरी जाऊन तुमच्याबद्दल काय बोलतंय? सांगता आलं तर काम घेतो. न्हाय आलं तर म्हणतो, रिक्षावर भोंगा लावा. त्याला रिव्ह्यू लागत न्हायत.