सुनेला मागणी

आमचे आजोबा इंदूरच्या शाळेत मराठी शिकवून रिटायर झाले होते. हा 'रिटायर' शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "निवृत्त," ते म्हणायचे. भोपाळच्या कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली मी, माझी मराठी अर्धी हिंदीच. "ती नाराज होऊन गेली" म्हटलं की आजोबा पोळीचा तुकडा हातात तसाच धरून विचारायचे, "रुसली, रागावली की दुखावली? तिन्ही वेगळी आहेत." मी म्हणायची, "अहो, जेवा ना आधी!"

बाबा आजारपणात गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यांच्या जागी आईला कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी मिळाली, आधीपेक्षा लहान क्वार्टर मिळालं, आणि आजोबा इंदूरचं बिऱ्हाड मोडून कायमचे आमच्याकडे आले. मुलगा गेला होता. सून आणि नात एवढंच त्यांना उरलं होतं. आई ड्युटीवर गेली की कुकर तेच लावायचे, माझी वेणीही तेच घालायचे. वाकडी घालायचे, पण घालायचे.

मागच्या लाइनीत ग्वाल्हेरकडचे एक गृहस्थ राहत. कारखान्याच्या वाइंडिंग शॉपमध्ये, मोटारींना तार गुंडाळतात तिथे, टेक्निशियन. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. एका उन्हाळ्यात ते आमच्या कूलरची घास, म्हणजे जाळीतलं गवत, बदलायला आले. मग पंप बघायला आले. मग थंडीतही यायला लागले. आता थंडीत कूलरला काय धाड भरली होती, सांगा!

कॉलनीला डोळे असतात आणि तोंडं त्याहून जास्त. शेजारच्या हिंदीभाषक काकू म्हणायच्या, "कुछ चक्कर है." पोरं 'आशिक' म्हणून फिदीफिदी हसायची. मराठी बायका शहाण्या, त्या फक्त "येणंजाणं असतं म्हणे" एवढंच म्हणायच्या, पण म्हणताना मान अशी काही वेळावायच्या की मला त्यांच्या हातातला हळदीकुंकवाचा करंडा हिसकावून घ्यावासा वाटायचा. समोरच्या ताईला बघायला मुलगा आला तेव्हा याच बायका "स्थळ आलं, स्थळ आलं" करत पेढे खात होत्या. माझ्या आईसाठी कुणी आलं तर त्याला चांगला शब्दच नाही? का? ती विधवा, पदरी मूल, म्हणून?

मी आजोबांनाच विचारलं. "आजोबा, या काकांना काय म्हणायचं? स्थळ?"

त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. मग शाळेत विचारल्यासारखे एकेक शब्द काढत गेले. "इच्छुक म्हणतात. विवाहेच्छू म्हणतात, पण तो जाहिरातीतला. उमेदवार नोकरीला. प्रणयी पुस्तकात बरा वाटतो, ओसरीवर नाही."

"आणि याचक?"

"याचक हात पसरतो. या माणसानं अजून काहीच मागितलेलं नाही. आधी मागू दे."

आवाज नेहमीचा नव्हता त्यांचा. आईनं लग्न केलं तर आजोबा कुठे जाणार, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

काकांनी मागितलं. एका रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आले, कूलरकडे बघितलंही नाही, आजोबांसमोर खुर्चीच्या कडेवर बसले. "गुरुजी, मला यांच्याशी लग्न करायचंय. यांचे आईवडील नाहीत. म्हणून तुम्हाला विचारतो."

"सुनेला मागणी सासऱ्याकडे घालता?"

"मग कुणाकडे घालू?"

आजोबांनी आईला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं. "तुझी इच्छा आहे का?"

आई जमिनीकडे बघत म्हणाली, "मामंजी, तुम्हाला सोडून मी कुठेही जाणार नाही."

"म्हणजे इच्छा आहे," आजोबा म्हणाले.

आजोबांनाही घेऊनच जायचं, हे त्या काकांनी तिथल्या तिथे कबूल केलं. आजोबा त्यावर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मुलीच्या बापानं करावं ते मात्र सगळं त्यांनी केलं. हबीबगंज स्टेशनहून गाडी पकडून ग्वाल्हेरला गेले, चौकशी केली, परत येऊन म्हणाले, "माणूस म्हाताऱ्या आईवर आवाज चढवत नाही. पुरे." लग्न मे महिन्यात, कॉलनीतल्या देवळात. भटजी अडले. सासऱ्यानं सुनेचं कन्यादान कसं करायचं? आजोबा म्हणाले, "तुम्ही मंत्र म्हणा."

दुपारी सामान ठेल्यावर घालून आम्ही मागच्या लाइनीत, काकांच्या क्वार्टरमध्ये गेलो. भांडी उतरली, गाद्या उतरल्या. आजोबांची पेटी उतरवायला मी हात लावला तर ते म्हणाले, "राहू दे. मी संध्याकाळच्या गाडीनं इंदूरला जातो. पुतण्याकडे."

पुतण्याच्या घरी त्यांना कोण विचारत होतं! सणालासुद्धा कधी पत्र नव्हतं तिकडून. काका म्हणाले, "गुरुजी, आपलं ठरलंय." आईनं पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही, तसाच पायरीवर राहिला. ऊन असं की डांबर वितळत होतं, आणि हा म्हातारा सकाळपासून उपाशी, बाहेरच्या पायरीवर बसलेला.

"सासरा होतो तोवर राहिलो," ते आईला म्हणाले. "आज तुझा बाप झालो. बाप मुलीच्या सासरी राहत नाही, तिथलं पाणीही पीत नाही."

मी भोकाड पसरलं. तेरा वर्षांची घोडी, पण पसरलं. इतका राग मला कधी कुणाचा आला नव्हता, बाबांचासुद्धा नाही, आणि बाबांचा मला फार आला होता, गेले म्हणून.

आई आत गेली. वरणभात, बटाट्याची भाजी असं ताट वाढून घेऊन आली आणि पायरीवर त्यांच्यासमोर ठेवलं. दिवसभर तिच्या डोळ्याला पाणी नव्हतं, तेव्हाही नव्हतं.

"बाप मुलीकडे कधी जेवतो?" तिनं विचारलं.

"तिला मूल झालं की. आपल्याकडे तसंच आहे."

आईनं माझं मनगट धरलं, मला ओढून त्यांच्यासमोर बसवलं. "झालंय," ती म्हणाली. "जेवा आता, बाबा."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या गालावर शेंबूड आणि पाणी सगळं एक झालं होतं. त्यांनी पेला उचलला, घटाघटा सगळं पाणी प्यायले, भात कालवला, आणि पहिला घास तोंडात असतानाच रडायला लागले. बाबा गेले तेव्हाही ते असे रडले नव्हते.