स्टार्च कशाचा?

माझ्या सासूबाई, मंदाकिनीबाई, टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या, फोनवरून नाही. आयुष्यभर ट्रंक कॉल जोडून दिलेली बाई. समोरच्यानं ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा नाही, हा त्यांचा बाणा. मला सिलिॲक निघाला आणि त्यांच्या हाती नवं काम लागलं.

सिलिॲक म्हणजे गव्हाचा कणसुद्धा आतड्याला वैरी. पोळी, शिरा बंद केला, ते सोपं होतं. "पण गोळ्यांचं काय?" सासूबाईंनी विचारलं. गोळी घट्ट बसायला तिच्यात स्टार्च घालतात. तो मक्याचा, बटाट्याचा, की गव्हाचा? पाकिटावर नुसतंच 'स्टार्च'. झालं! बिबवेवाडीच्या आमच्या फ्लॅटमधून औषध कंपन्यांना फोन सुरू.

"मॅडम, डॉक्टरांना विचारा."

"गोळी डॉक्टरांनी केलीय का? तुम्ही केलीत, तुम्ही सांगा."

मी आतल्या खोलीत कानकोंडी होऊन ऐकायची. पण उत्तरं यायची. एका कॅल्शियमच्या गोळीचं मात्र कुणालाच सांगता येईना, तर ती त्यांनी डॉक्टरांकडून बदलूनच घेतली.

एवढं करून माझं पोट दुखायचं थांबेना. वजन उतरत चाललं. डॉक्टर म्हणाले, "गहू कुठून जातोय का, नीट शोधा. तसं नसेल तर आतडंच ऐकत नाही म्हणायचं. मग स्टिरॉइड सुरू करू." मी घाबरले. सासूबाई चिडल्या. "जातोय कुठून मेला? भिंतीतून येतो की काय?"

त्या दुपारी पुन्हा कळ आली. नेहमीप्रमाणे सासूबाई हिंगाष्टक घेऊन आल्या. गरम भात, वर तूप, त्यात चिमूटभर चूर्ण, आणि तो पहिला घास. चूर्ण घरीच कुटलेलं, त्यांच्या आईच्या पद्धतीनं. पोट दुखलं की हेच, असं वर्षभर चाललेलं.

मी कण्हत कण्हत थट्टा केली, "अहो आई, ह्या औषधाच्या कंपनीला फोन केलात का?"

त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या. ताट उचलून आत गेल्या, चष्मा लावून हिंगाची डबी फिरवून फिरवून वाचली. बारीक अक्षरात लिहिलं होतं, गव्हाचं पीठ.

"अगं, हिंग म्हणजे झाडाचा चीक ना? त्यात गहू कशाला?" डबीवरचा नंबर त्यांनी तिथेच लावला. फोन स्पीकरवर होता.

"नुसता हिंग फार उग्र असतो, मॅडम. म्हणून पीठ घालतो. डबीवर लिहिलेलं आहे. घरात कुणाला त्रास आहे का?"

"सुनेला. रोज फोडणीतून जातो, आणि दुखलं की औषध म्हणून. देते मीच."

आणि पहिल्यांदाच त्यांनी फोन आपण होऊन ठेवला.

मला राग यायला हवा होता. खरं सांगते, गहू सापडला म्हणून आनंदच झाला. पण त्यांचा चेहरा बघून मी हसू आवरलं.

संध्याकाळी त्यांनी ताजा भात लावला, माझ्यापुढे ठेवला आणि उभ्याच राहिल्या. "आजपासून माझ्या हातचंही विचारून घ्यायचं, हेमा."

"बरं," मी म्हटलं. "भातावर काय घातलंय?"

"तूप." त्यांनी तुपाचं भांडं पुढे केलं. "नुसतं तूप आहे गं."

मी घास घेतला.