पडलेल्या गड्याचं गाव

आमच्या गल्लीतले आबा घरातसुद्धा माइकवर असल्यासारखे बोलत. जेवताना मीठ हवं असलं की गरजायचे, "मीठ येत हाय! मधल्या मंडळींनी वाट द्यावी!" पंगतीला ते आणि काकू अशी दोनच माणसं. उंब्रजपासून जतपर्यंत कुस्तीचं मैदान कुठलंही असो, कर्ण्यावर आवाज आबांचाच.

सांगलीला व्यावसायिक फुटबॉल संघ मिळाला, नवंकोरं स्टेडियम उभं राहिलं आणि सामन्याला माइकवर बोलायला माणूस हवाय असं कळलं. तो माणूस मीच, याबद्दल मला शंका नव्हती. मी मूळचा मेढ्याचा, सांगलीत शाळेत खेळाचा मास्तर. ऑफसाइडचा नियम मला झोपेतही सांगता येतो. बायकोच्या मते झोपेतच सांगतो. चाचणीला जाऊन बघतो तर फेटा बांधून आबा हजर! संघाच्या मालकानं त्यांना कुठल्याशा कुस्त्यांना ऐकलं होतं म्हणे.

"आबा, फुटबॉलमधलं काय कळतं तुम्हाला?"

"हात लावायचा न्हाई, एवढं कळलंय. बाकी गडी बघून बोलू की, मास्तर!"

सराव सामना सुरू झाला. पहिली पाळी माझी. मी ऑफसाइडपासून सुरुवात केली. नियम समजावून होईपर्यंत दोन गोल होऊन गेले. तिसरा मी बघितला, पण घाईघाईत तो चक्क गोलरक्षकाच्या नावावर लावला. मग माइक बंद झाला असं समजून शेजारच्याला म्हणालो, "तरी ह्या म्हाताऱ्यापेक्षा बरं!" अख्ख्या स्टेडियमनं ऐकलं.

आबांनी माइक घेतला. आता आपली काढणार, म्हणून मी मान खाली घातली.

"आत्ता बोलून बसला त्यो गडी मेढ्याचा! एकटा लढला, लय नेटानं लढला! होऊ द्या टाळ्या!"

टाळ्या झाल्या. त्यापेक्षा शिवी परवडली असती. नंतर मी फणकाऱ्यानं विचारलं, तर म्हणाले, "जिंकल्याला समदीच वळखत्यात. पडलेल्या गड्याचं नाव-गाव घ्यायचं, मगच वाटंला लावायचा. मुक्यानं जाऊ द्यायचा न्हाई."

माइक अर्थातच त्यांना मिळाला. पहिल्याच सामन्यात संघ सपाटून हरला. लोक जिन्याकडे निघाले. मी आतून खूश, आता बोला म्हणावं! आबा बोलले. हरलेल्या एकेकाचं नाव घेतलं, गाव घेतलं. एक बचावपटू परदेशी होता. "ह्याच्या गावाचं नाव माझ्या तोंडात बसंना, माफी असावी. पर आई त्याची बी तिथं वाट बघती हाय!" जिन्यावरची माणसं माघारी फिरून टाळ्या वाजवू लागली. मी माझे हात मांडीखाली दाबून ठेवले. उगाच वाजले असते.

गेल्या हंगामात आबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. जाताना माइक माझ्या हातात देत म्हणाले, "ऑफसाइड सांगा, मास्तर. पर गडी इसरू नगा." तेच मी ऐकलेलं त्यांचं शेवटचं बोलणं. आवाज परत आला नाही.

परवा आम्ही पुन्हा हरलो. मी नावं घेतली, गावं घेतली. असा कडकडाट झाला की माझी छाती फुगली. मग लक्षात आलं, सगळ्यांची तोंडं भलतीकडेच आहेत. जिन्यापाशी फेटा बांधून आबा उभे! एक शब्द न बोलता माणसानं माझ्या टाळ्या पळवल्या.

जळफळत मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी लोकांना हातानं थांबवलं, माझ्याकडे बोट केलं आणि ओठ हलवले. काही ऐकू येणार नव्हतंच. पण त्यात ‘मेढा’ होतं.