नुसतं नाव घ्यायचं

इस्पितळाच्या तळमजल्यावर, धुलाईखान्याला लागून, कपड्यांची खोली होती. तिथे ती अठ्ठावीस वर्षं चादरी शिवत होती. नव्या नव्हेत, फाटलेल्या. वरच्या वॉर्डांतून येऊन धुऊन निघालेली चादर खिडकीच्या उजेडासमोर धरायची, विरलेली जागा शोधायची आणि तिला ठिगळ लावायचं की सरळ कापून उशांचे अभ्रे करायचे, ते ठरवायचं. हे ती इतक्या झटपट ठरवायची की शेजारच्या मशीनवरची बाई म्हणायची, "तुला चादर कानात सांगते की काय गं?"

रविवारी मात्र तिचा रुबाब वेगळा असायचा. चर्चच्या मागच्या खोलीत मुलांची शाळा भरायची आणि ती हातात एक कापडी पिशवी घेऊन यायची. पिशवीत एकच वस्तू. कधी गंजलेला खिळा, कधी झाडावरून पडलेलं कोळ्याचं जाळं लागलेलं पान, कधी तुटकं बटण. मुलं माना उंचावून बघत. ती वस्तू टेबलावर ठेवायची, मुलांना हात लावू द्यायची आणि मग त्यातून प्रभूची गोष्ट काढायची. एकदा तिने दोन अंडी आणली होती, एक कच्चं आणि एक उकडलेलं. दिसायला दोन्ही सारखीच. मग दोन्ही टेबलावर गरगर फिरवली. उकडलेलं भिंगरीसारखं फिरलं, कच्चं दोन गिरक्या घेऊन डुगडुगत थांबलं. "बाहेरून सगळे सारखेच दिसतात," ती म्हणाली, "पण कुणी फिरवलं की आत काय आहे ते कळतं." सगळं गाव तिला पिशवीबाई म्हणायचं.

हे ती मुद्दाम जुळवून आणते असं काहींना वाटे. तसं नव्हतं. वस्तू हातात आली की तिला ते आपोआप दिसायचं. देव सतत बोलत असतो, आपण फक्त हातात काहीतरी धरून गप्प उभं राहायचं, असं तिचं साधं मत होतं.

नवरा सुतार. घरामागच्या शेडमध्ये त्याचं काम चाले, दारं, खिडक्या, चौकटी. माणूस मितभाषी, पण बोलला की टोला मारायचा. पिशवीतल्या निम्म्या वस्तू त्याच्याच शेडमधून गेलेल्या. लाकडात एखादी विचित्र गाठ निघाली की तो ती कापून बाजूला ठेवायचा आणि संध्याकाळी तिच्यापुढे टाकायचा.

"अगं, घे. रविवारची सोय झाली."

"बघा ना, किती घट्ट आहे ही. सगळं लाकूड वाळलं, पण गाठ..."

"मला नको सांगू. मुलांना सांग. तुझ्या तावडीत सापडलेली वस्तू उपदेश केल्याशिवाय सुटत नाही."

ती त्याला 'अहो' म्हणायची, तो तिला 'अगं'. सदतीस वर्षांत दोघांनी याखेरीज दुसऱ्या कुठल्याही नावाने एकमेकांना हाक मारली नव्हती.

एका मंगळवारी सकाळी एक गिऱ्हाईक खिडकीच्या चौकटीसाठी आलं. सुताराने टेप लावली, वाकून आकडा बघितला आणि सरळ झाला.

"किती भरली?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"उद्या," सुतार म्हणाला.

"उद्या काय? माप सांगा ना."

"उद्या."

आता सुताराच्या तोंडी 'उद्या' हा शब्द काही नवा नाही. गिऱ्हाइकाला वाटलं, हा नेहमीसारखा टोलवतोय. तो चिडला. आजचं कबूल केलं होतंत, मागच्या आठवड्यातही हेच, असं बराच वेळ बोलत राहिला. सुतार त्याच्याकडे बघत होता, ओठ हलवत होता आणि दर वेळी तेच म्हणत होता. मग त्याच्या उजव्या हातातली पेन्सिल गळून पडली, आणि ती उचलायला तो हात गेलाच नाही. तेव्हा कुठे गिऱ्हाइकाच्या ध्यानात आलं.

त्याला इस्पितळात आणलं ते तिच्याच डोक्यावरच्या मजल्यावर. निरोप आला तेव्हा ती सुईत दोरा ओवत होती. वर गेली तर तो डोळे उघडे ठेवून पडलेला, तोंडाची एक बाजू उतरलेली. अंगाखालच्या चादरीला कडेला ठिगळ होतं. ते तिनेच लावलेलं, आपला टाका ती हजारात ओळखली असती. एरवी यातून तिने एक अख्खा रविवार काढला असता. त्या दिवशी ती त्या ठिगळाकडे बघत राहिली आणि तिला फक्त ठिगळ दिसलं.

"अहो," ती म्हणाली. "मी आलेय."

त्याने तिच्याकडे बघितलं. "उद्या," तो म्हणाला.

डॉक्टरांनी सांगितलं, हात थोडाफार येईल, पाय चालेल. बोलण्याचं मात्र बघावं लागेल. मेंदूतली शब्दांची जागा गेली आहे. काही माणसांचा असा एकच शब्द उरतो, आणि मग काहीही म्हणायचं असलं तरी तोच बाहेर येतो.

वाचा शिकवायला एक तरुण मुलगी घरी येऊ लागली. पहिल्याच दिवशी ती पिशवीबाईला म्हणाली, "काकू, एक लक्षात ठेवा. त्यांना सगळं कळतं. आतलं सगळं जागच्या जागी आहे, बाहेर येत नाही इतकंच." मग तिने रोजचा सराव नेमून दिला. घरातली एक वस्तू त्यांच्यासमोर धरायची. तिचं नाव सावकाश म्हणायचं. त्यांना म्हणू द्यायचं. पुन्हा म्हणायचं. दिवसाला दहा वस्तू.

"एवढंच ना," पिशवीबाई म्हणाली. वस्तू समोर धरून बोलायचं, हे तर तिचं आयुष्यभराचं काम.

दुसऱ्या दिवशी तिने चमचा धरला. "चमचा."

"उद्या."

"चमचा. बघा, स्वतः कधी चव घेत नाही, पण दुसऱ्याच्या तोंडात..."

त्याने डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. चमचा खाली पडला.

मुलीने हे बघितलं आणि तिला बाजूला घेतलं. "काकू, नुसतं नाव घ्यायचं. गोष्ट नको. ते एक शब्द पकडायला धडपडताहेत आणि तुम्ही त्यांच्यावर वीस टाकताय."

तिला हे पटलं. पण जमेना. कपाला फक्त कप म्हणायचं, दिव्याला फक्त दिवा म्हणायचं आणि तोंड मिटायचं, हे तिला दिवसभराच्या शिवणापेक्षा जड जाऊ लागलं. दिवा म्हटलं की पुढचं वाक्य ओठांवर यायचं. ते गिळून ती पुढची वस्तू उचलायची. महिनाभरात मात्र आणखी वेगळंच झालं. पुढचं वाक्य यायचंच बंद झालं. कप हातात धरला की तो कप असायचा. सकाळी अंगणात मुंग्यांची रांग दिसायची, तर मुंग्याच दिसायच्या. प्रार्थनेला गुडघे टेकायची तेव्हा तिची सुरुवात नेहमी दिवसभरात बघितलेल्या कुठल्याशा गोष्टीने व्हायची. आता "प्रभू" म्हणून ती थांबायची, आणि थोड्या वेळाने गुडघे दुखायला लागले की उठायची.

त्यांची स्वतःची मुलगी दूरच्या शहरात असायची. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. पहिल्यांदा तिने बापाला फोनवर मागितलं.

"बाबा, कसे आहात?"

"उद्या."

"उद्या येऊ? बाबा, उद्या नाही हो जमणार. पुढच्या महिन्यात नक्की येते."

"उद्या, उद्या," तो घाईघाईने म्हणत राहिला, मान हलवत, नाही नाही अशी. फोनवर मान दिसत नाही. मुलगी रडायला लागली. आईने फोन काढून घेतला आणि समजावलं, पण समजावूनही मुलीच्या मनातून ते गेलं नाही.

मग एक दिवस चर्चचे पाळक भेटायला आले. वय पस्तिशीचं, हसतमुख माणूस. लहानपणी हेच पाळक पिशवीबाईच्या खोलीत पहिल्या बाकावर बसायचे आणि इतके प्रश्न विचारायचे की तिने त्यांचं नाव प्रश्नोबा ठेवलं होतं. आता ती त्यांना पाळकसाहेब म्हणायची, आणि ते तिला अजून बाईच म्हणायचे. ते सुताराजवळ तासभर बसले, त्याचा लुळा हात हातात घेऊन प्रार्थना केली. निघताना विचारलं, "दुसरा कुठलाच शब्द नाही?"

"नाही," ती म्हणाली. "तेवढाच."

पाळक विचार करत गेले.

त्या रविवारी ती नवऱ्याला आजारानंतर पहिल्यांदाच चर्चला घेऊन गेली. तो काठी टेकत, पाय ओढत आला. लोकांनी बाकावर जागा करून दिली. त्याच बाकाची पाठ त्याने कधीकाळी बसवली होती. उपदेशाला पाळक उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या मंडळीत एक सुतार आहे. देवाने त्याच्याकडून सगळे शब्द परत घेतले आणि एकच त्याच्यापाशी राहू दिला. कोणता? 'काल' नाही. 'संपलं' नाही. 'उद्या.' बंधूंनो, भगिनींनो, आशेला याहून लहान शब्द नाही."

लोक वळून बघू लागले. कुणी हसून मान डोलावली, कुणी डोळे टिपले. आणि पिशवीबाईच्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते तिने पुढे कुणालाही सांगितलं नाही. तिच्या मनात आलं, किती छान धडा आहे. हा मला कसा सुचला नाही?

मग तिने शेजारी बघितलं.

त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. त्याने डाव्या हाताने पुढच्या बाकाची कड धरली आणि स्वतःला वर ओढलं. "उद्या," तो म्हणाला. पाळक थांबले. तो आणखी जोरात म्हणाला, "उद्या. उद्या." त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. पाळकांना वाटलं, त्याला गहिवर आलाय. त्यांनी हात उंचावला आणि म्हणाले, "आमेन."

सगळी मंडळी एका आवाजात आमेन म्हणाली.

तो बाकांच्या मधल्या वाटेने बाहेर गेला. काठी दोनदा बाकांवर आपटली. ती त्याच्यामागे धावली तेव्हा तो फाटकापाशी भिंतीकडे तोंड करून उभा होता. तिने खांद्यावर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही, पण वळलाही नाही.

दुपारी पाळक घरी आले. तो आत झोपला होता. ते ओट्यावरच उभे राहिले.

"बाई, माझं काही चुकलं का?"

तिने आतलं दार हळूच ओढून घेतलं.

"मी चांगल्या मनानेच बोललो," ते म्हणाले. "तुम्हीच शिकवलंत ना. मला ती अंडी अजून आठवतात. कुठलीही गोष्ट घ्या, तिच्यात देव काहीतरी सांगत असतो. मी तेच केलं."

"अंड्यांना ऐकू येत नव्हतं, पाळकसाहेब," ती म्हणाली.

प्रश्नोबाचा चेहरा त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर परत आला. "मग मी काय बोलायला हवं होतं?"

"मला माहीत नाही." ती म्हणाली. "मला माहीत असतं तर मीच त्यांच्याशी बोलले नसते का?"

मुलांचा वर्ग तिने सोडला. कारण विचारलं तर म्हणायची, घरी लक्ष द्यावं लागतं. ते खोटं नव्हतं. इस्पितळातही अर्धा दिवस करून घेतला. सराव चालू राहिला. पावसाळा सरला तेव्हा त्याच्या तोंडून 'नाही' निघालं, पुढे कधीतरी 'खुर्ची' निघालं, पण खुर्ची दाखवल्यावर नव्हे, भलत्याच वेळी, दात घासताना. त्यापुढे गाडी सरकली नाही. 'अगं' तर एवढासा शब्द. तो येईल म्हणून ती रोज त्याच्यासमोर बसून आपल्याच छातीवर बोट ठेवायची आणि म्हणायची, "अगं. अगं." तो तिच्या बोटाकडे बघायचा, ओठ जुळवायचा, आणि त्याचे डोळे भरून यायचे.

एका दुपारी ती भाजी निवडत होती. तो शेडमधून आला आणि तिचा हात धरून ओढू लागला. काहीतरी सांगायचं होतं, आणि नेहमीसारखं साधंसुधं नव्हतं. तो अधीर झाला होता, जवळजवळ खूश दिसत होता.

"पाणी हवंय?"

"नाही."

"दुखतंय का कुठे? शेडमध्ये काही झालंय?"

"नाही. उद्या. उद्या."

ती त्याच्याबरोबर शेडमध्ये गेली. एकेका वस्तूवर हात ठेवत गेली. करवत? रंधा? हे दार? तो मान हलवत होता. घरात येऊन तिने मुलीचा फोटो दाखवला, लग्नातला फोटो दाखवला, औषधं दाखवली. मग कागद आणि पेन्सिल दिली. त्याने डाव्या हाताने, जीभ दाताखाली धरून, एक तिरपी रेघ ओढली. तिला छेद देणारी दुसरी. बाजूला एक गोल, अर्धवट.

"शिडी?"

"नाही."

"खिडकी? झाड? रस्ता? कुणी येणार आहे का?"

तो रेघेवर बोट आपटत होता.

"क्रूस?" ती म्हणाली.

त्याने पेन्सिल खाली ठेवली. रागाने नव्हे, अगदी हळू. तासभर झाला होता. तो खुर्चीत मागे टेकला आणि हाताने एक खूण केली, जाऊ दे, अशी.

"अहो, पुन्हा दाखवा ना. मी बसलेय. मला कुठे जायचं नाहीये."

त्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने त्याचा श्वास संथ झाला. झोप लागली होती.

तो कागद ती उलटसुलट करून बघत राहिली. पुढे तिने तो मुलीला दाखवला, वाचा शिकवणाऱ्या मुलीला दाखवला, पाळकांनाही दाखवला, कुणालाच त्यातून काही काढता आलं नाही. त्यालाही पुन्हा दाखवला, तेव्हा तो त्याकडे परक्या वस्तूसारखा बघत राहिला. त्यानंतर तो चार वर्षं जगला. त्या दुपारी त्याला काय सांगायचं होतं, ते तिला अखेरपर्यंत कळलं नाही.

पण त्या वेळी ती तशीच बसून होती. निवडलेली भाजी ताटलीत सुकत चालली होती. प्रार्थना करावी असं तिला वाटलं. "प्रभू," ती म्हणाली, "मला कळत नाही." आणखी काही सुचतं का म्हणून ती थांबली. सुचलं नाही.

बाहेर कुणीतरी कडी वाजवली. एक अनोळखी माणूस होता, हातात मोडलेल्या खिडकीची फळी.

"सुतार आहेत का घरी?"

"आहेत. झोपलेत. काम बंद आहे सध्या."

"पुन्हा कधी सुरू होईल?"

तिने आत वळून बघितलं. तो मान कलती करून झोपला होता, तोंड किंचित उघडं.

"सांगता येत नाही," ती म्हणाली आणि तो माणूस फाटकाबाहेर जाईपर्यंत दारात उभी राहिली.